तळ्याचं कंत्राट

कंत्राटदार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खणून ठेवलेला रस्ता, अर्धवट गटार, पहिल्या पावसात उखडणारं डांबर आणि वर सही झालेलं बिल! पण कंत्राटदाराच्याच हत्यारांनी, म्हणजे जेसीबी, टिपर, मजूर आणि मोजमापाची फीत घेऊन, एखादं मेलेलं तळं दीड महिन्यात पुन्हा उभं राहिलं तर? बंगळूरच्या दक्षिण टोकाला, बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीच्या आसपास हे घडलं आहे. घडवलं ते एका कारखान्यातल्या मेकॅनिकल इंजिनिअरने. आणि तळं बांधण्यापेक्षा ते राखणं किती अवघड असतं, हेही तिथेच दिसतं.

ज्यांची मुलं-मुली इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहेत, त्या मराठी आईवडिलांना होसूर रोड काही नवा नाही. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेलं की बोम्मसंद्रा लागतं. आनेकल तालुक्यातलं एकेकाळचं खेडं, आज कारखान्यांची गजबज. मोटारींचे सुटे भाग, औषधं, कापड, यंत्रं... काय बनत नाही तिथे? १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि आर. व्ही. रोडपासून निघालेली गाडी थेट बोम्मसंद्र्यापर्यंत येऊ लागली. शेवटचं स्टेशन तेच.

पण स्टेशनच्या पाटीवर जे नाव आहे, त्यात एक गंमत लपली आहे. कानडी गावांच्या नावातला हा ‘संद्रा’ म्हणजे मुळात ‘समुद्र’, असं मानलं जातं. समुद्र म्हणजे खारा नव्हे, मोठं तळं! कुणा बोम्माने बांधलेलं किंवा बोम्माच्या नावाचं तळं, ते बोम्मसंद्रा. जवळच वाबसंद्रा आहे, कोनसंद्रा आहे, कम्मसंद्रा आहे. नकाशा उघडून नुसती गावांची नावं वाचत गेलं तरी जुन्या पाण्याचा पत्ता लागतो. पाणी मात्र नावात उरलं आणि जमिनीवरून नाहीसं होत गेलं.

बंगळूरला मोठी नदी नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, डोंगरधारेवर वसलं आहे. पडलेला पाऊस चहूबाजूंनी उतारावर निघून जातो. म्हणून जुन्या लोकांनी उतारावर एकाखाली एक बांध घातले. वरचं तळं भरलं की सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात, ते भरलं की त्याच्या खालच्यात. दोन तळ्यांना जोडणाऱ्या ओढ्याला कानडीत ‘राजकालुवे’ म्हणतात. १५३७मध्ये केंपेगौडांनी शहर वसवलं, तेव्हापासून या तळ्यांवर गाव जगलं. शहाजीराजांची जहागीर झालेलं बंगळूरही याच पाण्यावर राहिलं.

मग १८९४मध्ये हेसरघट्टा इथून शहरात नळाचं पाणी येऊ लागलं. पुढे कावेरी आली, तीही सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी चढवून. नळ उघडला की पाणी येतं म्हटल्यावर तळ्याकडे कोण बघणार? धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचा बसस्टॅण्ड आहे. संपंगी तळ्यावर कंठीरवा स्टेडियम उभं राहिलं. जी तळी उरली त्यांच्यात सांडपाणी गेलं. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर फेसाचे डोंगर आणि पाण्याला लागलेली आग साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली आहे!

नोकरीतला इंजिनिअर

या कथेचे नायक आनंद मल्लिगवाड. मूळचे कोप्पळ जिल्ह्यातले. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, नोकरी बोम्मसंद्र्याच्या सनसेरा इंजिनिअरिंग या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. मातीकामाशी आणि धरणशास्त्राशी संबंध शून्य. २०१६च्या सुमारास बंगळूरच्या पाणीटंचाईबद्दलचे इशारे वाचून त्यांच्या मनात विचार सुरू झाला, असं त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितलं आहे.

वाचून अस्वस्थ होणारे पुष्कळ असतात. मल्लिगवाडांनी त्यापुढची पायरी गाठली. सुटीच्या दिवशी ते जुनी तळी पाहत हिंडू लागले. चोळांच्या काळातली, शेकडो वर्षं टिकलेली तळी कशी बांधली होती? त्यात ना सिमेंट, ना लोखंड. माती, दगड, उतार आणि झाडं एवढ्याच भांडवलावर ती उभी होती. आलेलं पाणी आधी कुठे थांबायचं, गाळ कुठे खाली बसायचा, जास्तीचं पाणी कुठून निघून जायचं, याचा त्यांनी अभ्यास केला. कारखान्यातला इंजिनिअर असल्यामुळे यंत्र उघडून पाहावं तसं त्यांनी तळं पाहिलं असणार!

पैशाचं काय? इथे एका कायद्याचा उपयोग झाला. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४पासून हा नियम लागू झाला. शाळांना बाकं, दवाखान्याला यंत्र, गावाला स्वच्छतागृह असा हा पैसा सहसा जातो. मल्लिगवाडांनी आपल्याच कंपनीकडे मागणी केली ती तळ्यासाठी. कंपनीच्या फाउंडेशनने सुमारे १ कोटी १७ लाख रुपये दिले. निवडलं ते क्यालसनहळ्ळीचं तळं. आनेकल तालुक्यातलंच, विस्तार ३६ एकर. नावाला तळं, प्रत्यक्षात उन्हाळ्यात भेगाळलेलं मैदान.

पंचेचाळीस दिवस

२०१७चा एप्रिल उजाडला. पाऊस येण्याआधी काम संपवायचं होतं, म्हणजे हातात दीड महिना. यंत्रं उतरली. तळ्यातून काढलेल्या मातीचं माप सांगितलं जातं ते सुमारे चार लाख घनमीटर. ४५ दिवसांनी भागलं तर रोजची जवळजवळ नऊ हजार घनमीटर! ज्यांनी घराचा पाया खणताना चार टिपर माती बाहेर काढून घेतली असेल आणि त्याचं बिल भरलं असेल, त्यांना या आकड्याचा अर्थ कळेल.

आणि खरी मेख इथेच आहे. खोदकामात खोदणं स्वस्त, वाहून नेणं महाग. नेहमीच्या कंत्राटात माती बाहेर नेली की फेरीगणिक पैसे मोजावे लागतात. त्यावर काठाला दगडी अस्तर, काँक्रीटची भिंत, फरसबंद रस्ता, कुंपण, दिवे अशी कलमं चढत जातात. मोजायला सोपं, फोटोला देखणं आणि बिलाला भरघोस! क्यालसनहळ्ळीत माती बाहेर गेलीच नाही. तिचे बांध झाले, आणि तळ्याच्या मधोमध पाच बेटं झाली, पक्ष्यांसाठी. काठावर सिमेंट नाही. त्यामुळेच सव्वा कोटीच्या आत ३६ एकरांचं काम बसलं. एकरी हिशेब केला तर सव्वातीन लाख रुपये. आज बंगळूरच्या त्या भागात या रकमेत पार्किंगची जागा तरी मिळेल का, हे तिथे फ्लॅट घेतलेल्यांनी सांगावं.

माणसांचाही त्यात हात होता. कंपनीतले सहकारी आले, शाळकरी मुलं आली, गावकरी आले. सुमारे १८ हजार रोपं लावली गेली. देशी झाडं, फळझाडं, औषधी झाडं. मियावाकी पद्धतीने, म्हणजे दाट गर्दीने लावलेली झाडीही त्यात होती. हे नुसतं शोभेचं काम नाही. झाडाची मुळं बांध धरून ठेवतात आणि काठावर सावली राहते. शिवाय ज्या पोराने स्वतःच्या हाताने रोप लावलं, ते तिथे कचरा टाकणाऱ्याला हटकतं!

त्या पावसाळ्यात तळं भरलं. इथे थोडं सुदैवही सांगायला हवं. २०१७मध्ये बंगळूरला विक्रमी पाऊस झाला होता. कोरड्या साली हेच काम झालं असतं तर वर्तमानपत्रांत फोटो इतके देखणे आले नसते. पण खड्डा तयार नसता तर तोच विक्रमी पाऊस होसूर रोडवर गुडघाभर साचून वाहून गेला असता, हेही तितकंच खरं.

क्यालसनहळ्ळीनंतर वाबसंद्र्याचं तळं झालं, कोनसंद्र्याचं झालं. कोनसंद्रा अवघड होतं, कारण तिथे प्रश्न कोरडेपणाचा नव्हता, औद्योगिक सांडपाण्याचा होता. कोरडं तळं खोदून भागतं. विषारी पाणी शिरणाऱ्या तळ्यात आधी ते पाणी अडवावं लागतं, बाजूने वळवावं लागतं. येणारं पाणी लहान खाचरांतून, पाणवनस्पतींमधून हळूहळू गाळत आत सोडावं लागतं. आपल्याकडे भाताच्या खाचरांतून पाणी उतरतं तसंच, फक्त इथे पीक म्हणजे स्वच्छ पाणी.

२०१९मध्ये मल्लिगवाडांनी पगाराची नोकरी सोडली आणि तळ्यांचं काम हाच पूर्णवेळचा उद्योग केला. कंपन्यांचा पैसा, स्वतःची आखणी, भाड्याची यंत्रं आणि गावाची संमती. शब्दाचा खरा अर्थ घेतला तर ते आता तळ्यांचे कंत्राटदारच झाले आहेत. कर्नाटकाबाहेरच्या राज्यांतही त्यांनी कामं केली. वर्तमानपत्रांनी ‘लेक मॅन’ ही पदवी देऊन टाकली. तळ्याच्या जमिनीवर ज्यांचा डोळा होता, त्यांच्याकडून धमक्या आल्याचंही त्यांनी सांगितलं आहे. आश्चर्य वाटायला नको. शहराच्या वेशीवरच्या कोरड्या तळ्यात पाणी नसलं तरी भाव असतोच की!

दवाखाना, कारखाना आणि तळं

बोम्मसंद्र्याला बांधकामवाल्यांचं सत्कार्य नवं नाही. होसूर रोडवरचं नारायण हृदयालय साऱ्या देशाला माहीत आहे. गरिबाच्या मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया स्वस्तात करणारं हॉस्पिटल २००१च्या सुमारास उभं राहिलं तेव्हा डॉ. देवी शेट्टी यांच्या पाठीशी त्यांच्या सासऱ्यांचा बांधकाम व्यवसाय होता. मोठं हॉस्पिटल स्वस्तात कसं बांधायचं, याचं उत्तर घरातच सापडलं. शेजारच्या हेब्बगोडीच्या तळ्यावर बायोकॉन कंपनीच्या फाउंडेशनने काम केलं. मेट्रोच्या या मार्गावर तर काही स्टेशनांसाठीही कंपन्यांनी पैसे दिले आणि त्यांची नावं पाट्यांवर लागली. म्हणजे या पट्ट्यात कंपनी फक्त पगार देणारी उरलेली नाही. रस्ता, दवाखाना, पाणी, स्टेशन अशा सगळ्या ठिकाणी ती दिसते.

हे चांगलं की वाईट? सरळ उत्तर नाही. तळं ही सर्वांची मालमत्ता. ती खासगी हातात जाण्याचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. पर्यावरण अभ्यासकांचाही एक आक्षेप आहे. घाईने खोल खणलेलं, वाटीसारखं तळं पाणी जास्त धरतं, पण काठाची उथळ दलदल नाहीशी होते. बगळे, पाणकोंबड्या, बेडूक, मासळीची पिल्लं राहतात ती त्या उथळ चिखलात. फिरायला रस्ता, बसायला बाक आणि मध्ये निळं पाणी हे माणसाच्या डोळ्याला आवडणारं चित्र झालं. पक्ष्याला ते आवडेलच असं नाही. आक्षेप रास्त आहे. पण ज्या गावात विंधणविहिरी हजार फुटांपलीकडे गेल्या आहेत, तिथल्या बाईला आधी पाणी हवं असतं. खोल भाग आणि उथळ काठ दोन्ही राखता येतात. त्याला थोडा जास्त विचार लागतो आणि थोडी कमी घाई.

आधी ते राखत कोण होतं?

आता मुद्द्याचा प्रश्न. शेकडो वर्षं ही तळी टिकली ती कंपनीच्या पैशावर नव्हे आणि सरकारी टेंडरवरही नव्हे. कर्नाटकातल्या जुन्या गावगाड्यात ‘नीरगंटी’ नावाचा माणूस असे. तळ्याची मोरी उघडणं-बंद करणं, कुणाच्या शेताला किती पाणी ते ठरवणं, बांधावर लक्ष ठेवणं हे त्याचं वंशपरंपरेचं काम. मोबदला धान्यात. उन्हाळ्यात गावाने गाळ काढायचा आणि तो शेतात टाकायचा. गाळ म्हणजे फुकटचं खत! आपल्याकडे धुळे भागातल्या फड पद्धतीत पाटकरी असतो, तोच हा माणूस.

विदर्भात तर याहून जवळचं उदाहरण आहे. भंडारा-गोंदियाची मालगुजारी तळी! गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या लोकांनी ती बांधली. तळी बांधणं ही त्यांची ओळखच होती. नवेगाव बांध हे त्यांच्याच कामाचं नाव. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती जायला हवीच होती. पण तळी सरकारजमा झाल्यावर गाळ कुणी काढायचा, हे मात्र कुणाच्याच खाती राहिलं नाही. मालक बदलला आणि राखणदार हरवला. बंगळूरच्या तळ्यांची कथा वेगळ्या शब्दांत हीच आहे. शेती गेली, प्लॉट पडले, नीरगंटीला काम उरलं नाही. तळं महसूल खात्याच्या कागदावर राहिलं आणि सांडपाणी तळ्यात.

महाराष्ट्रानेही मधल्या काळात पुष्कळ माती उपसली. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४मध्ये आलं. नाना पाटेकर-मकरंद अनासपुरे यांचं ‘नाम’ २०१५मध्ये, ‘पानी फाउंडेशन’ २०१६मध्ये. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ची, म्हणजे क्यालसनहळ्ळीच्याच वर्षाची. जिथे गावाने स्वतः श्रमदान केलं, गाळ स्वतःच्या शेतात नेला, तिथे काम टिकण्याची आशा जास्त. जिथे फक्त यंत्र आलं आणि गेलं, तिथे दोन पावसांत खड्डा पुन्हा भरतो. पाणलोटात चार वर्षं घालवलेला कुठलाही कार्यकर्ता हे सांगेल.

२०२४चा मार्च बंगळूरकर विसरणार नाहीत. शहरातल्या हजारो विंधणविहिरी आटल्या. उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी आपल्या घरची विंधणविहीरसुद्धा कोरडी पडल्याचं सांगितलं. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बागेला पाणी घातलं तर ५ हजार रुपये दंड, असा हुकूम निघाला. लाखांचे पगार घेणारी मंडळी टँकरच्या रांगेत फोन लावून बसली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि शहराला दिवसाला आणखी ७७५ दशलक्ष लिटर पाणी मिळण्याची सोय झाली. पण नळ म्हणजे जमिनीखालचं पाणी नव्हे. विंधणविहीर भरायची तर आसपास कुठेतरी पाणी थांबावं लागतं, मुरावं लागतं. तळ्याशिवाय ते कुठे थांबणार?

बोम्मसंद्र्याच्या परिसरातली सगळी तळी काही सुधारलेली नाहीत. काही अजून सांडपाणी पितात, काहींच्या काठावर भिंती सरकत आत येतात. आणि जी सुधारली त्यांच्यापुढे दरवर्षीचं काम आहेच. पाऊस येण्याआधी राजकालुव्याच्या तोंडाशी साचलेलं प्लास्टिक काढायचं, गाळाच्या खड्ड्यातला गाळ उपसायचा, सांडव्यात वाढलेलं गवत कापायचं, बांधाला उंदीर-खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची. जेसीबीचा एक दिवस आणि दहा-बारा मजुरांचा आठवडा, एवढंच हे काम. त्याला उद्‌घाटन नसतं, फीत कापायची नसते, वार्षिक अहवालात रंगीत फोटो नसतो. तळं पहिल्यांदा भरताना मदत देणाऱ्या कंपन्या पुष्कळ मिळतात. सातव्या वर्षीच्या डिझेलला पैसे मागायला गेलं की साहेब मीटिंगमध्ये असतात. एप्रिल-मेमध्येच बंगळूरला वळवाच्या सरी सुरू होतात. त्याआधी हे सगळं उरकावं लागतं.